माईंचे तीन लाख

माईंचं शेवटचं देणं मी २०११ च्या मार्चमध्ये फेडलं. चेक वटल्यावर त्यांनी वचनचिठ्ठी काढली, तिच्यावर ‘पूर्ण रक्कम मिळाली’ असं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, खाली सही आणि तारीख घातली आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. माई जाऊन आता बरीच वर्षं झाली. चिंचवडच्या त्या छोट्या फ्लॅटचं भाडं मात्र दर महिन्याला माझ्या खात्यात येतं आणि निवृत्तीनंतर आमच्या घराचा मोठा आधार तोच आहे. खरेदीखतावर नाव माझं आणि बायकोचं आहे. पण त्या घराचा पाया माईंनी घातला, हे आम्ही दोघंही कधी विसरलो नाही.

हल्ली नात्यातली, ओळखीतली तरुण मुलं विचारायला येतात. बँक पूर्ण रक्कम देत नाही, वरचे पैसे कुणाकडून तरी उचलून एखादा फ्लॅट घ्यावा आणि भाड्याने द्यावा का? त्यांच्याशी बोलताना मी जे सांगतो ते सगळं माईंकडून आलेलं असतं. त्यांचं नाव न घेता ते सांगत राहणं मला बरं वाटत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी भोसरीच्या एका कारखान्यात होतो. २००२ च्या सुमाराला आमच्या खात्यातली जुनी माणसं एकामागून एक निवृत्त होऊ लागली आणि पेन्शन म्हणजे काय ते आम्हाला पहिल्यांदा कळलं. १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना साहेब आणि कामगार दोघांना एकच सूत्र लावते: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पगार कितीही असो, तेव्हा त्याची मर्यादा साडेसहा हजार होती. तीस वर्षं यंत्रावर उभं राहिलं तरी हिशेब तीन हजारांच्या आतच थांबायचा. त्याच वेळी चिंचवड स्टेशनच्या बाजूला वन-बीएचकेला तीन हजार, बत्तीसशे भाडं मिळत होतं. एका लहान घराचं भाडं आयुष्यभराच्या नोकरीच्या पेन्शनपेक्षा जास्त! हे एकदा डोक्यात बसल्यावर मला झोप लागेना.

आमच्या राहत्या घराचं कर्ज अजून चालू होतं. बँकेत गेलो तर त्यांनी पगाराची स्लिप पाहिली, चालू हप्ता पाहिला आणि दुसऱ्या कर्जाची ऐपत उरलेली नाही असं सांगितलं. ते बरोबरच होतं. मग उरलं ते ओळखीतलं कर्ज.

माई आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान लवकर गेलेले, मुलगा बेंगळुरूला, मुलगी नाशिकला. निवृत्तीचे पैसे त्यांनी मुदतठेवीत ठेवले होते. नव्वदच्या दशकाच्या मध्याला बँका ठेवींवर बारा-तेरा टक्के देत होत्या, २००३ पर्यंत तो दर साडेपाच-सहावर घसरला. व्याजावर जगणाऱ्या माणसांचं उत्पन्न निम्म्याहून खाली आलं होतं. माई हे कुरकुर न करता सांगायच्या, पण भाजी घेताना त्यांचा हात आखडलेला मला दिसत होता.

मी त्यांच्याकडे साडेचार लाख मागितले. फ्लॅट सहा लाखांचा होता आणि तेवढ्यावर माझं काम भागलं असतं. माईंनी विचारलेला पहिला प्रश्न मला अजून आठवतो. पैसे कधी परत करणार, असं त्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, “भाडं किती येईल?” मी बत्तीसशे म्हटलं. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. साडेआठ टक्क्यांनी साडेचार लाखांचं महिन्याचं व्याज एकतीसशे सत्त्याऐंशी. “भाडं आलं आणि गेलं. मग महापालिकेचा कर कुठून भरणार? मेंटेनन्स कुठून? घर दोन महिने रिकामं राहिलं तर?” मग त्यांनी तीन लाख लिहिले आणि व्याज काढलं, एकवीसशे पंचवीस. वर हजारेक रुपये उरत होते. “तीनच देईन. बाकीचे तू उभे कर. तोवर थांब.”

मी वर्षभर थांबलो. एक विमा पॉलिसी पिकली, बायकोचं पोस्टातलं आवर्ती खातं पूर्ण झालं, बाकी ओव्हरटाइममधून आलं. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्चही आमच्याच खिशातून गेला. २००४ च्या फेब्रुवारीत व्यवहार झाला तेव्हा घराच्या किमतीचा निम्मा भाग आमचा होता. खासगी कर्ज काढून भाड्याचं घर घेणाऱ्याला मी आजही हेच पहिलं सांगतो. बँक किती देईल, ओळखीतला माणूस किती देईल, हे आकडे नंतर बघा. भाड्यातून व्याज गेल्यावर हातात काही उरतं का, ते आधी बघा. उरत नसेल तर ते घर तुम्हाला सांभाळणार नाही, तुम्हालाच त्या घराला पोसावं लागेल.

माझ्याच खात्यातल्या एका सोबत्याने थांबायला नकार दिला. त्याने ‘तीन टक्क्यांनी’ दोन लाख उचलले. ओळखीच्या सावकारीत टक्का बोलला जातो तो महिन्याचा. तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस. महिन्याला सहा हजार नुसतं व्याज. त्या पैशांत त्याने एक गुंठा घेऊन तीन खोल्या बांधल्या, त्यांचं सगळं मिळून भाडं अडीच हजारांच्या आत. बांधकामाला परवानगी नव्हती, तेव्हा अशा खोल्या आमच्या भागात शेकड्यांनी उभ्या राहत होत्या. पुढे २००८ पासून अनधिकृत बांधकामांवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्तीकर लागू झाला आणि त्याचं कंबरडं मोडलं. तो कष्टाळू आणि निर्व्यसनी माणूस होता. त्याला कुणी माई भेटल्या नाहीत, एवढाच आमच्या दोघांत फरक आहे असं मी मानतो. आता महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवानाधारक सावकाराला बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला पंधरा आणि नसेल तर अठरा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तरी महिन्याच्या टक्क्याची बोली कारखान्यांच्या गेटवर चालूच आहे. नवख्या माणसाने दर ऐकला की आधी बाराने गुणावं.

माईंच्या अटी मला तेव्हा फार कडक वाटल्या होत्या. सगळे पैसे चेकनेच, एक रुपयाही रोख नाही. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेतलं तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली वचनचिठ्ठी तर हवीच, शिवाय वेगळा करारनामा: रक्कम, व्याजाचा दर, व्याज दर महिन्याच्या सात तारखेला, दर दिवाळीला बोनसमधून किमान वीस हजार मुद्दल, मध्येच पैसे हवे असतील तर दोन महिन्यांची लेखी सूचना. मूळ खरेदीखत त्यांच्या लॉकरमध्ये. माझ्या नावावर तीन लाखांचा शुद्ध मुदत विमा. आणि सह्यांच्या दिवशी त्यांनी मुलगा आणि मुलगी दोघांना बोलावून घेतलं, माझ्या बायकोलाही शेजारी बसवलं आणि करार मोठ्याने वाचायला लावला.

बायकोला त्याचं वाईट वाटलं. इतक्या वर्षांचा शेजार आणि विश्वास नाही? माईंनी ते ओळखलं असावं. त्या म्हणाल्या, “मी उद्या गेले तर हे पैसे माझ्या मुलांचे. त्यांना तू कोण आहेस ते कागदावरूनच कळणार. आणि तुझं काही झालं तर हिच्या दारात माझी मुलं उभी राहायला नकोत, म्हणून विमा.” माझा आणि त्यांचा व्यवहार आमच्या दोघांपुरता नव्हता. मागे राहणारी माणसं त्यात होती आणि माईंचं लक्ष त्यांच्यावर होतं. ओळखीत दिलेली कर्जं बहुतेक वेळा बिघडतात ती दुसऱ्या पिढीत. देणारा जातो, घेणारा म्हणतो निम्मे तर दिले होते, मुलांना काहीच माहीत नसतं आणि भावकी तुटते. आमच्या गावाकडे मी अशी दोन घरं पाहिली आहेत.

वचनचिठ्ठीची मुदत तीन वर्षांची असते, त्यानंतर तिच्यावर दावा चालत नाही, हेही त्यांच्या डायरीत लिहिलेलं होतं. २००७ च्या जानेवारीत त्या वर आल्या आणि राहिलेली रक्कम मान्य असल्याची सही घेऊन गेल्या. तेव्हा बायकोनेच त्यांना बसवून चहा दिला आणि पेनही तिनेच आणून दिलं.

हा कडक कागद माझ्याही बाजूने उभा राहिला, ते सांगितल्याशिवाय माई पूर्ण कळणार नाहीत. आमचा करार झाल्यावर सहा महिन्यांत, २००४ च्या ऑगस्टमध्ये, सरकारने ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणली. साठीवरच्या माणसाला नऊ टक्के आणि जबाबदारी सरकारची. मी वर्तमानपत्रात वाचलं आणि मला चैन पडेना. माईंचे तीन लाख माझ्याकडे साडेआठवर होते. मी खाली जाऊन म्हटलं, माई, पुढच्या महिन्यापासून नऊने घ्या, नाहीतर मी कुठून तरी करून पैसे परत देतो. वर्षाला दीड हजाराचा फरक होता आणि दीड हजार तेव्हा त्यांच्यासाठी लहान रक्कम नव्हती. त्यांनी मान हलवली. “कागदावर साडेआठ लिहिलंय ना? व्याजाचे दर उतरले असते तर तू सहाने देतो म्हणाला असतास का? मग मी नऊ कशी घेऊ?” योजनेत त्यांनी बँकेतली दुसरी ठेव मोडून घातली. माझ्या कर्जाला हात लावला नाही. सात वर्षांत तो दर एकदाही बदलला नाही.

त्यांचं माहेर पुण्यातल्या पेठेत होतं. वडिलांचा वाडा भाडेकरूंनी भरलेला, आणि १९४७ च्या भाडे कायद्यामुळे भाडं वर्षानुवर्षं गोठलेलं. त्या भाड्यात कौलंसुद्धा बदलून व्हायची नाहीत. वडिलांनी हयातीची शेवटची वर्षं कोर्टात घालवली होती. त्यामुळे घर भाड्याने द्यायचं म्हटल्यावर माईंना कायद्याची आठवण आधी व्हायची. मार्च २००० च्या अखेरीपासून लागू झालेल्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने बरंच बदललं, हे त्यांनी मला समजावलं. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असला, तर मुदत संपल्यावर न हलणाऱ्याकडून दुप्पट रक्कम मागता येते आणि दाद मागायला वेगळा सक्षम अधिकारी असतो. करार नोंदवला नाही तर भाडेकरू अटींबद्दल जे सांगेल ते खरं धरलं जातं, आणि शिक्षा होते ती मालकाला. एजंट म्हणत होता, अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर करू, नोंदणीचे पैसे कशाला घालवता? माईंनी नोंदणी केल्याशिवाय किल्ली देऊ दिली नाही. त्यांचं व्याज त्या भाड्यावर अवलंबून होतं, तेव्हा तो अधिकार त्यांचा होताच.

सोसायटीशीही खटका उडाला. मालक स्वतः राहत नाही म्हणून बिनभोगवटा शुल्क तीनशे रुपये मागितले गेले, सेवाशुल्क होतं साडेतीनशे. माई सरकारी परिपत्रकं शाळेच्या दिवसांपासून वाचणाऱ्या. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे त्यांनीच शोधून दिलं. मी सहकार खात्याच्या कार्यालयातून प्रत आणली आणि कमिटीपुढे ठेवली. पस्तीस रुपये ठरले. भाड्यातून व्याज जाऊन हजारच उरत असताना तीनशे आणि पस्तीस यांतलं अंतर किती मोठं असतं, ते भाड्यावर कर्ज फेडणाऱ्यालाच कळतं.

प्राप्तिकराचंही तसंच. भाड्यातून भरलेला महापालिकेचा कर वजा होतो, राहिलेल्यातून तीस टक्के सरसकट सूट मिळते आणि घर घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याजही वजा होतं. ते कर्ज बँकेचंच असावं अशी अट नाही. मुद्दलाच्या परतफेडीवरची सवलत मात्र माईंसारख्या व्यक्तीकडून घेतलेल्या कर्जाला नाही. दर एप्रिलमध्ये माई मला वर्षभराच्या व्याजाची पावती आपल्या पॅन नंबरसह द्यायच्या आणि तेच व्याज स्वतःच्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवायच्या. पावती देणारा आणि ते उत्पन्न मान्य करणारा माणूस मिळाला, तरच खासगी कर्जाचा हिशेब उजेडात राहतो.

२००८ च्या शेवटी मंदी आली. मोठ्या वाहन कारखान्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, आमचा ओव्हरटाइम बंद झाला आणि फ्लॅटमधलं कामगार कुटुंब गावी निघून गेलं. घर रिकामं. दिवाळीला मुद्दल देणं शक्य नव्हतं. मी सांगायला गेलो तेव्हा माई स्पष्ट बोलल्या, “मुद्दल थांबव, पण व्याज चुकवू नको. माझी औषधं त्यात आहेत.” त्यांनी मला माफी दिली असती तर मला तेव्हा बरं वाटलं असतं. पण आज वाटतं, आपली गरज न लपवता सांगणं हा त्यांचा मोठेपणा होता. करार झाला तेव्हाच सहा महिन्यांच्या व्याजाइतके पैसे वेगळ्या खात्यात ठेवायला त्यांनी मला लावलं होतं. मी त्या पैशांना कधी हात लावला नव्हता, तेच आता कामी आले. सात तारीख एकदाही चुकली नाही.

आणि मग भाडेकरूही त्यांनीच आणले. त्यांच्या एका विद्यार्थिनीची मुलगी आणि तिची मैत्रीण, दोघी जवळच्या हॉस्पिटलात नर्स. सोसायटीत कुजबुज झाली, फॅमिलीच हवी. माई रिक्षा करून आल्या, कमिटीच्या लोकांसमोर बसल्या आणि कुठल्या उपविधीत असं लिहिलंय ते दाखवा म्हणाल्या. कुणी दाखवलं नाही. त्या दोघी पुढे चार वर्षं राहिल्या. इतके नीटनेटके भाडेकरू मला पुन्हा मिळाले नाहीत.

२००९ च्या उन्हाळ्यात माई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं ऑपरेशन. मुलाने पैसे पाठवले होते, तरी त्यांना एक लाख हवे होते. मुलावर सगळा भार नको, हा त्यांचा स्वभाव. दोन महिन्यांची लेखी सूचना करारात होती. त्यांनी हॉस्पिटलातूनही ती लिहून पाठवली, मुलीच्या हाताने, खाली वाकडी झालेली सही. मी दोन महिने लावले नाहीत. तोपर्यंत राहत्या घराचं कर्ज बरंच फिटलं होतं, बँकेने त्याच कर्जावर वाढीव रक्कम मंजूर केली आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांना चेक दिला. ओळखीतलं कर्ज कधीही परत मागितलं जाऊ शकतं, आणि मागणाऱ्याचं कारण बहुतेक वेळा खरं असतं. म्हणून घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून दुसरी वाट बांधत जायला हवी. राहत्या घराचं कर्ज शक्य तितक्या लवकर खाली आणा, हे माई दर दिवाळीला सांगायच्या. ते त्या कोणत्या दिवसासाठी सांगत होत्या, ते मला त्या चेकवर सही करताना कळलं.

ऑपरेशननंतर त्या नाशिकला मुलीकडे राहिल्या. शेवटचे हप्ते मी तिथल्या पत्त्यावर पाठवले आणि शेवटचा चेक द्यायला आम्ही दोघं स्वतः गेलो. मुलगी म्हणाली, आईच्या सगळ्या ठेवींत तुमचं खातं तिला सगळ्यात आवडायचं, सात तारखेला ती पासबुक भरायला जायची.

गेल्या महिन्यात पुतण्या आला होता. वाकडला सत्तर लाखांचा फ्लॅट, भाडं वीस हजार. स्वतःचे आठ लाख, बँकेचे बावन्न आणि माझ्याकडून दहा, असा त्याचा बेत. आम्ही कागदावर मांडलं. साडेआठ टक्के धरले तरी बँकेचं पहिल्या वर्षाचं व्याज चार लाख चाळीस हजारांच्या घरात, माझं पंच्याऐंशी हजार, आणि वर्षाचं भाडं दोन लाख चाळीस हजार. २००४ मध्ये माझ्या फ्लॅटचं भाडं किमतीच्या सहा टक्क्यांहून जास्त होतं, त्याचं साडेतीनच्या आत आहे. तो म्हणाला, काका, किंमत वाढेल ना. मी म्हटलं, वाढेलही, पण ती वाढ घर विकलं तरच हातात येते, आणि हप्ता दर महिन्याला जातो. या घरासाठी मी पैसे देणार नाही.

त्याला राग आला, मग तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. तळेगावच्या बाजूला जुने, लहान रिसेल फ्लॅट आहेत. किंमत कमी आणि त्या मानाने भाडं बरं, ते बघ म्हणून सांगितलं आहे. निम्मी रक्कम त्याने आधी स्वतः जमवावी. मग उरलेल्यातलं मी किती द्यायचं, ते त्याची बायको आणि माझी मुलगी समोर बसवून ठरवू. दोन फ्लॅटचे आकडे त्याने काल पाठवले आहेत.